गाडीला धाप लागते तेव्हा

मे महिन्यातला शनिवार, दुपारचे दोन. चिपळूणहून कराडकडे निघालो होतो. गाडीत आम्ही पाच जण, डिकीत हापूसच्या चार पेट्या, एसी पूर्ण जोरात. पोफळी मागे पडली, कुंभार्ली घाट सुरू झाला आणि पुढे चिऱ्यांनी भरलेला एक ट्रक आला. पंधरा-वीस मिनिटं त्याच्या मागे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत राहिलो. मग एक सरळ तुकडा दिसला. वरून काही येत नव्हतं. मी दुसऱ्यावर पाय दाबला आणि गाडी उजवीकडे काढली.

एरवी माझी एक लिटरची टर्बो पेट्रोल गाडी अशा वेळी पाठ सीटला टेकवते. त्या दिवशी इंजिनाचा आवाज चढला, पण गाडी उचललीच नाही. ट्रकच्या निम्म्यावर आलो आणि वरच्या वळणावरून एस.टी. उतरताना दिसली. मागच्या सीटवरून अण्णा ओरडले, "मागे घे! मागे घे!" मी ब्रेक दाबला, कसाबसा ट्रकच्या पाठीमागे शिरलो. एस.टी. आरशाला वारा घालत गेली. माझ्या धाकट्या मुलीचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं होतं. तिचं रडणं हेळवाकपर्यंत थांबलं नाही.

अण्णांनी आयुष्यभर एस.टी. चालवली. हेळवाकला चहा घेताना ते एवढंच म्हणाले, "दम नव्हता तर बाहेर का काढलीस?" मी म्हणालो, "रोज उचलते हो अण्णा." ते म्हणाले, "रोजचं घाटात धरायचं नाही."

तो दम नेमका कुठे गेला, हे शोधायला मला दोन महिने लागले. टर्बो गाडी घेऊन उन्हाळ्यात घाट चढणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असायला हवं, असं मला तळमळीने वाटतं. आता अशा गाड्या घरोघरी आहेत. चार मीटरच्या आत लांबी आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलं की कर कमी, म्हणून कंपन्यांनी लहान इंजिनाला टर्बो जोडून मोठ्याची ताकद काढली. ही ताकद खरी आहे. पण ती हवेवर उभी आहे, आणि हवा तापली की ती कमी होते.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड तापतं, तसंच टर्बोत होतं. टर्बो हवा दाबून इंजिनात भरतो, आणि हवा दाबली की तापते. बाहेर ४० अंश असताना टर्बोने हवेचा दाब दुप्पट केला, तर टर्बोतून निघणारी हवा साधारण १३५ ते १४० अंशांची असते. ती तशीच सिलिंडरमध्ये गेली तर दोन तोटे. तापलेली हवा विरळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. आणि दुसरा जास्त वाईट: ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच उरलेलं मिश्रण आपोआप पेटतं. यालाच गॅरेजमध्ये इंजिन ठोकतंय म्हणतात. पिस्टनला ते घातक असतं. म्हणून टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये इंटरकूलर बसवतात. हा ॲल्युमिनियमचा, रेडिएटरसारखा जाळीदार डबा. आतून तापलेली हवा जाते, बाहेरून वारा लागतो. गाडी वेगात असली की तो १४० ची हवा ६०-७० वर आणतो.

पण वारा लागला तरच. ट्रकच्या मागे ताशी दहा किलोमीटरने चढताना वारा कुठून येणार? समोर ट्रकचा धूर, खाली तापलेलं डांबर, शेजारी एसीचा कंडेन्सर स्वतःची उष्णता ओकतोय. हळूहळू इंटरकूलर स्वतःच तापतो, नळ्या तापतात, इंजिनाभोवतीचं सगळं प्लॅस्टिक आणि धातू उष्णता पिऊन बसतात. मग हवा थंड करणारा भागच तिला तापवू लागतो. इंजिनाचा संगणक हे ओळखतो आणि पिस्टन वाचवण्यासाठी ठिणगी उशिरा टाकतो, टर्बोचा दाबही उतरवतो. डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, पाण्याचा काटा मधोमध असतो. चालवणाऱ्याला काहीच कळत नाही, पाय दाबेपर्यंत.

माझ्या गाडीत हे इतकं का झालं, याला दोन कारणं होती. पहिलं माझंच. सहा महिन्यांपूर्वी मी कंपनीचा एअर फिल्टरचा डबा काढून शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर बसवला होता. टर्बोचा शिट्टीसारखा आवाज येतो, पिकअप वाढतो, असं सांगितलं गेलं आणि मी मानलं. कंपनीच्या डब्याला पुढच्या जाळीतून बाहेरची हवा ओढणारी नळी होती. उघडा फिल्टर मात्र बॉनेटखालचीच हवा ओढत होता. ती ६० अंशांची असेल तर टर्बोतून १६५ ची निघते. आत जाताना २० अंश जास्त असतील, तर बाहेर येताना पंचविसाच्या वर वाढलेले असतात. थंडीच्या दिवसांत रिकाम्या रस्त्यावर मला फरक जाणवला नाही. म्हणून मी बिनधास्त होतो.

दुसरं कारण कराडच्या एका जुन्या मिस्त्रींनी शोधून काढलं. डिझेलवर हात बसलेला माणूस. त्यांनी फिल्टरकडे पाहिलंही नाही, आधी गाडीखाली झोपले. माझा इंटरकूलर पुढच्या चाकाच्या कमानीत, हेडलाइटच्या खाली आहे, रेडिएटरच्या पंख्याच्या वाऱ्याबाहेर. त्याला वारा मिळतो तो बंपरमधल्या एका प्लॅस्टिकच्या पन्हळीतून. ती पन्हळच जागेवर नव्हती. वर्षापूर्वी बंपर ठोकला होता, तेव्हा एका गॅरेजने तो बदलला आणि पन्हळ परत लावलीच नाही. वारा बंपरमध्ये शिरून इंटरकूलरला वळसा घालून निघून जात होता. शिवाय त्याच्या फटी कोकणातल्या लाल मातीने आणि किड्यांनी निम्म्या बुजल्या होत्या.

पन्हळ लावली, कंपनीचा डबा परत बसवला, इंटरकूलर धुतला. धुताना मिस्त्रींनी जोराच्या फवाऱ्याला हात लावू दिला नाही. त्या पातळ पात्या जोराच्या पाण्याने आडव्या पडतात आणि वाट कायमची बंद होते. साधं पाणी, मागच्या बाजूने, सावकाश.

दुरुस्तीच्या आधीच मी ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीच्या तपासणीच्या सॉकेटला, लावायचं छोटं यंत्र घेतलं होतं. मोबाइलवर इंजिनात शिरणाऱ्या हवेचं तापमान दिसतं. इथे एक काळजी घ्या. काही गाड्यांत तो आकडा टर्बोच्या आधीचा असतो, काहींत इंटरकूलरनंतरचा. पाय दाबल्यावर आकडा भराभर चढला तर तो नंतरचा, आणि आपल्याला तोच हवा. दुरुस्तीआधी महामार्गावर माझा आकडा ४८ होता, घाटात ट्रकमागे ७८. तेवढ्यानेच, दाब तोच धरला तरी, हवा आठ-नऊ टक्क्यांनी विरळ होते. संगणकाची कपात वेगळी. दुरुस्तीनंतर त्याच घाटात ६१ च्या वर गेला नाही.

त्या यंत्राने माझा आणखी एक समज मोडला. वाटायचं, घाटाआधी चहाला थांबलं की गाडी गार होते. होतं उलट. इंजिन बंद केलं की आतलं पाणी फिरायचं थांबतं, वारा नसतो, आणि साठलेली उष्णता पहिली काही मिनिटं वर चढत राहते. दहा मिनिटांच्या चहानंतर माझा आकडा थांबतानापेक्षा १२ ने जास्त निघाला. मोकळ्या रस्त्यावर तीन-चार किलोमीटर चाललं की तो उतरतो. म्हणून थांबून निघाल्यावर लगेच ओव्हरटेकला जाऊ नका. थांबणारच असाल तर बॉनेट उघडं ठेवा, उष्णतेला वाट मिळते. पण इंजिनवर पाण्याची बाटली कुणी ओतत असेल तर त्याचा हात धरा. टर्बोचं बीड लालबुंद तापलेलं असतं, गार पाण्याने तडकू शकतं.

बंपर काढून काम झालं की गाडी ताब्यात घेण्याआधी पुढे वाकून बघा, पन्हळी आणि खालचं आच्छादन जागेवर आहे का. जाळीसमोर जाड लोखंडी पट्टी किंवा जादा दिवे लावू नका. इंजिनाचा संगणक रिमॅप करून टर्बोचा दाब वाढवायचा विचार असेल तर आधी इंटरकूलरचा विचार करा. जास्त दाब म्हणजे जास्त उष्णता, आणि कूलर तोच राहिला तर मे महिन्यात वाढवलेलं सगळं जातं. विमा आणि वॉरंटीचं काय होईल, तेही लेखी विचारा. मलाही रिमॅप सुचवला गेला होता. तो केला असता तर त्या दुपारी काय झालं असतं, याचा विचार मी टाळतो.

घाटात जास्त ऑक्टेनचं पेट्रोल घालावं का, असं बरेच जण विचारतात. ज्या इंजिनाचा संगणक ते ओळखून ठिणगी पुढे आणू शकतो, तिथे ते ठोकण्यापासून थोडी मोकळीक देतं. पण बुजलेल्या इंटरकूलरवर तो उपाय नाही.

यंदा मेमध्ये त्याच घाटात, तसाच ट्रक पुढे होता. अण्णा या वेळी शेजारच्या सीटवर बसले होते. आकडा ६० होता, गाडीत दम होता, रस्ताही मोकळा दिसत होता. मी एसी बंद केला, ट्रकपासून अंतर वाढवलं म्हणजे पुढून थोडा वारा मिळावा, आणि दोन वळणं थांबलो. अण्णांनी मोबाइलकडे बघितलं, मग रस्त्याकडे. तिसऱ्या वळणानंतर ट्रकवाल्याने स्वतःच डावीकडे घेऊन हात दाखवला.