कॅमेऱ्याचा डोळा

आमच्या शाळेचे शिपाईमामा निवृत्त झाले, त्या दिवसाची ही गोष्ट. तीस वर्षे त्यांनी शाळेची घंटा वाजविली होती. त्यांच्या हातची शेवटची घंटा आणि नंतरचा निरोपसमारंभ यांची छायाचित्रे घेण्याचे काम मी आपण होऊन पत्करले. माझ्याजवळ नवाच डिजिटल कॅमेरा होता. कळ दाबली की छायाचित्र निघते, एवढेच माझे त्याविषयीचे ज्ञान. आणि तेवढे पुरेसे आहे, अशी माझी समजूत.

रात्री छायाचित्रे पाहिली आणि मी खिन्न झालो. समारंभाच्या छायाचित्रांत टेबलावरील फुलदाणीची पाकळी न् पाकळी रेखीव आली होती. तिच्यामागे उभ्या असलेल्या मामांचा चेहरा मात्र धुक्यात बुडाल्यासारखा दिसत होता. घंटेच्या छायाचित्रांत तर मामा, घंटा, व्हरांड्याचे खांब असे सारेच एका दिशेने ओढल्यासारखे पुसट झाले होते. "कॅमेराच सदोष आहे," असे ठरवून मी दुसऱ्या दिवशी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याकडे गेलो. तो छायाचित्रणाचा व्यवसाय करतो.

छायाचित्रे पाहून तो नम्रपणे म्हणाला, "सर, गणित चुकले तर आधी पायऱ्या तपासाव्या, असे आपणच आम्हांला शिकविले. मग येथे पायऱ्या न तपासता उत्तर कसे काढले?"

मी निरुत्तर झालो. मग गुरू तो झाला आणि शिष्य मी.

मुलांनो, आपण जवळचे पुस्तक वाचतो आणि लगेच दूरच्या डोंगराकडे पाहतो, तेव्हा डोळ्यातील भिंगाची जाडी आपोआप बदलते. कॅमेऱ्यातील भिंगे मात्र पुढे किंवा मागे सरकवावी लागतात. ती योग्य जागी आली, म्हणजे वस्तूची प्रतिमा रेखीव उमटते. यालाच फोकस साधणे म्हणतात. पूर्वी हे काम हाताने कडे फिरवून करीत. १९७७ साली जपानमधील कोनिका कंपनीने 'सी ३५ एएफ' हा कॅमेरा विक्रीस आणला. आपोआप फोकस साधणारा आणि मोठ्या संख्येने तयार झालेला तो पहिला कॅमेरा होय.

कॅमेऱ्याला फोकस कसा कळतो? काही कॅमेरे भिंग सरकवीत जातात आणि काळ्यापांढऱ्यातील भेद कोठे सर्वांत ठळक होतो, ते शोधतात. काही कॅमेरे भिंगाच्या दोन बाजूंनी आलेल्या प्रतिमा ताडून पाहतात. त्या जुळत नसतील, तर भिंग कोणीकडे व किती सरकवावे, हे त्यांना कळते. दोन्ही रीतींना वस्तूवर रेषा, कडा किंवा नक्षी लागते. म्हणूनच कोरी भिंत, दाट धुके किंवा अंधार समोर असला, की कॅमेरा चाचपडतो. खिडकीच्या गजांपलीकडे चिमणी बसली असेल, तर तो पुष्कळदा चिमणीऐवजी गजच धरतो. फुलदाणीच्या बाबतीत हेच घडले होते. फोकस कोठे साधावा, हे मी कॅमेऱ्यावर सोपविले होते. त्याने सर्वांत जवळची ठळक वस्तू निवडली.

घंटेच्या छायाचित्रांतील दोष निराळा होता. व्हरांड्यात उजेड कमी होता. पुरेसा प्रकाश मिळावा, म्हणून कॅमेऱ्याचे शटर अधिक वेळ उघडे राहिले आणि तेवढ्यात माझा हात हलला. हा भेद ध्यानात ठेवा. छायाचित्रात भलतीच वस्तू रेखीव असेल, तर फोकस चुकला. सारेच एका दिशेने पुसट असेल, तर हात हलला. केवळ धावणारा मुलगाच पुसट असेल, तर शटर त्याच्या वेगाला पुरले नाही.

मग कॅमेरा निर्दोष आहे की नाही, हे आम्ही पारखले. प्रथम भिंग मऊ कापडाने पुसले. भिंगावरील खटका 'एएफ' या अक्षरांवर आहे ना, ते पाहिले; तो 'एमएफ'वर असेल, तर फोकस हातानेच साधावा लागतो. नंतर टेबलावर पाच खडू तिरप्या ओळीत, एकामागे एक उभे केले. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवला, फोकसचा एकच बिंदू निवडला आणि तो मधल्या खडूवर आणला. भरपूर उजेडात अनेक छायाचित्रे घेतली. प्रत्येक वेळी मधलाच खडू रेखीव आला. पुढचा किंवा मागचा खडू वारंवार रेखीव आला असता, तर यंत्राला दुरुस्ती हवी, असे ठरले असते. माझा कॅमेरा निर्दोष होता.

त्यानंतर मी रोज थोडा सराव केला. कळ आधी अर्धी दाबायची, फोकस साधल्याची खूण पाहायची आणि मगच ती पूर्ण दाबायची, ही सवय लावून घेतली. स्थिर वस्तूसाठी एकदा साधून थांबणारा फोकस निवडावा आणि कबड्डीच्या खेळासाठी पाठलाग करीत राहणारा, हेही शिकलो. वस्तू फार जवळ असेल, तर भिंगाला फोकस साधतच नाही. तेव्हा एक पाऊल मागे सरावे. आजचे कित्येक कॅमेरे माणसाचा चेहरा ओळखतात. परंतु पन्नास चेहऱ्यांतील आपला चेहरा कोणता, हे त्यांनाही आपणच सांगावे लागते.

महिन्याभराने मी मामांच्या घरी गेलो. ते ओट्यावर बसले होते. मी फोकसचा बिंदू त्यांच्या डोळ्यावर ठेवला, हात गुडघ्यावर टेकला आणि कळ दाबली. छायाचित्र पाहून मामा हसले. म्हणाले, "सर, ह्यात मी मला ओळखू येतो."

मला आनंद झाला. परंतु शेवटच्या घंटेचा तो क्षण पुन्हा येणार नव्हता. यंत्राला दोष देण्यापूर्वी ते समजून घ्यावे, आणि तेही प्रसंग येण्याच्या आधी, हे मी त्या दिवशी शिकलो.

स्वाध्याय

१. लेखकाच्या छायाचित्रांत कोणते दोन निराळे दोष होते? त्यांची कारणे सांगा.
२. कोऱ्या भिंतीसमोर कॅमेरा का चाचपडतो?
३. खडूंच्या साहाय्याने केलेल्या परीक्षेचे वर्णन पाच-सहा वाक्यांत करा.
४. 'मग गुरू तो झाला आणि शिष्य मी' या वाक्याचा भावार्थ लिहा.