खाजन शेती आणि सामायिक बांधाचा प्रश्न

गोव्यात मांडवी व जुवारी या नद्यांच्या खाड्यांलगत भरतीचे पाणी अडवून भातशेतीखाली आणलेल्या सखल जमिनीस खाजन म्हणतात. असे क्षेत्र सुमारे 18 हजार हेक्टर असून त्यातील पुष्कळ जमीन भरतीच्या पातळीहून खाली आहे. चिखलमाती व जांभा दगड यांचे बांध आणि त्यांतील 'मानस', म्हणजे लाकडी झडपांचे दार, यांवर ही शेती उभी आहे. भरतीच्या दाबाने झडपा मिटतात, ओहोटीस उघडतात. जूनच्या पावसाने जमिनीतील क्षार धुऊन गेले की कोरगुटसारखे खार सोसणारे भात घेता येते.

बांध राखण्याचे काम पूर्वापार गावकरी या ग्रामसंस्थेकडे असे. पोर्तुगीज अमदानीत 1526 मध्ये तिच्या रूढी लेखनिविष्ट झाल्या व पुढे ती कोमुनिदाद म्हणून ओळखली जाऊ लागली. ही व्यवस्था समन्यायी होती असे मात्र नव्हे. गावकरपण पुरुषवंशाने मिळे. चिखलात उतरणाऱ्या अनेकांना निर्णयात वाटा नसे. म्हणूनच 1964 चा कूळ कायदा आणि कुळांना मालकी देणारी 1976 ची पाचवी दुरुस्ती यांचे औचित्य वादातीत आहे. तथापि शेत वाटून देता येते, बांध वाटून देता येत नाही. ही अडचण ओळखून 1975 च्या नियमांन्वये बांधांची संयुक्त जबाबदारी कूळसंघांवर सोपविण्यात आली.

तंट्याचे मूळ बहुधा मानशीपाशी सापडते. ओहोटीबरोबर तेथे येणारी कोळंबी व मासळी धरण्याचा हक्क लिलावाने दिला जातो व ते उत्पन्न बांधदुरुस्तीस लागावे असा संकेत आहे. मासळीचे मोल वाढले, तसा हा हक्क भातपिकाहून किफायतशीर ठरू लागला. ठेकेदाराचा लाभ खारे पाणी आत घेण्यात, तर शेतकऱ्याचा ते बाहेर ठेवण्यात. झडपा अवेळी उघड्या राहिल्या की पीक जाते आणि प्रवाहाच्या जोराने बांधाचा पायाही खचतो. दुरुस्ती कोमुनिदादीने करावी की कूळसंघाने, याचा वाद वर्षानुवर्षे चालतो; भरती मात्र दिवसातून दोनदा येते.

एका ठिकाणी बांध फुटला तरी खार सगळ्या शेतांत पसरतो, ज्यांचा तंट्याशी संबंध नाही त्यांच्याही. अशा पडीक जमिनीवर खारफुटी उगवते. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेने खाजनातील खारफुटीस संरक्षण दिले. ते योग्यच असले, तरी एकदा बुडालेले शेत पुन्हा भाताखाली आणणे त्यामुळे अधिक बिकट होते. गोव्याला लागणारा तांदूळ मोठ्या प्रमाणावर परराज्यांतून येत असता ही हानी लहान नव्हे. शिवाय कोरगुटचे बियाणे पेरल्यावाचून टिकत नाही.

पावसाळी पिकाच्या काळात झडपा कोणाच्या हाती राहतील आणि उत्पन्नाचा किती भाग बांधासाठी बाजूस काढला जाईल, या दोन अटी लिलावापूर्वीच लेखी ठरवून ग्रामसभेत वाचून दाखविणे पंचायतीस अवघड नाही. रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील खारभूमीच्या गावांनाही हा प्रश्न अपरिचित नसावा.