कॉट बेसिसचं गणित

पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी पेठेत झेरॉक्सच्या दुकानांच्या काचांवर वर्षभर एकच मजकूर दिसतो: ‘मुलांसाठी कॉट बेसिसवर जागा उपलब्ध.’ बाहेरगावाहून शिकायला आलेला मुलगा पूर्ण रूमचं नव्हे, एका कॉटचं भाडं देतो. मराठवाड्यातून इंजिनीअरिंगला आलेला एक विद्यार्थी दोन वर्षं अशाच एका कॉटवर राहिला. तिसऱ्या वर्षाला जाताना त्याला वाटलं, भाडं देणाऱ्याच्या जागी आपण घेणारे का होऊ नये? ‘शिकता शिकता कमाई’ सांगणारे व्हिडिओ त्याने पाहिलेच होते.

घर विकत घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून त्याने घरच भाड्याने घ्यायचं ठरवलं. जून २०१९ मध्ये उपनगरातला टू बीएचके वीस हजार रुपये महिन्याने मिळाला. तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिट म्हणून गेलं, एका महिन्याचं एजंटला गेलं, आणि सहा लोखंडी कॉट, गाद्या, पाण्याचा फिल्टर यांत आणखी चाळीसेक हजार. असे सव्वा लाखाच्या आसपास रुपये गुंतले. त्यातले बरेचसे मोठ्या भावाकडून उसने आणलेले होते. प्रत्येक कॉटचे पाच हजार, म्हणजे तीस हजार जमा आणि वीस हजार मालकाला. दहा हजार उरले.

त्या दहा हजारांचं खरं रूप पुढे उलगडत गेलं. जाहिरातीत त्याने ‘लाइट बिलासह’ असं लिहिलं होतं. महावितरणच्या घरगुती दरांत जसे युनिट वाढतात तसा वरच्या टप्प्याचा दरही चढतो, आणि सहा जणांचा गीझर, सहा लॅपटॉप, इस्त्री हे सारं एकाच मीटरवर येतं. बिल घरातल्यापेक्षा कितीतरी जास्त आलं. त्यात नेट, मावशींचा पगार, उन्हाळ्यात टँकरचा वाटा. हे खर्च बाजूला ठेवले तरी एक गोष्ट कोणालाही तोंडी करता येण्यासारखी होती: एक कॉट रिकामी राहिली की निम्मा नफा गेला, दोन राहिल्या की सगळा. सहापैकी दोन. पुण्यात एप्रिल-मेमध्ये परीक्षा संपल्या की मुलं गावी जातात आणि नवीन प्रवेश पक्के होईपर्यंत कॉट भरत नाहीत, हे स्वतः दोन उन्हाळे गावी गेलेल्या मुलाला ठाऊक असायला हवं होतं. ‘मी बाराही महिने सहा कॉट भरलेल्या धरल्या होत्या,’ असं तो आज सांगतो.

मग मार्च २०२० आला. कॉलेजं बंद झाली, मुलं पाठीवरच्या सॅकनिशी घरी गेली आणि २५ मार्चपासून देशभर लॉकडाऊन लागला. एप्रिलमध्ये राज्याच्या गृहनिर्माण विभागाने घरमालकांना तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलावी, भाडं थकलं म्हणून कोणाला बाहेर काढू नये, असं कळवलं. अनेक विद्यार्थ्यांनी त्याचा अर्थ ‘भाडं माफ’ असा घेतला. त्या सूचनेत माफी नव्हती. इकडे सहा मुलांनी ‘आमचं डिपॉझिट भाड्यात वळवून घ्या’ म्हणून फोन बंद केले आणि तिकडे मालकाचं भाडं चढत राहिलं.

खरी मेख करारात होती. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स ३० एप्रिलला संपला. कॉट आत होत्या, चावी त्याच्याकडे होती आणि तो गावी अडकला होता. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. त्याशिवाय करारात एक ओळ अशीही होती की जागा कोणत्याही तिऱ्हाईताला पोटभाड्याने देता येणार नाही. लायसन्स म्हणजे त्या माणसापुरती दिलेली वापराची परवानगी. करारात तशी मुभा लिहिलेली नसेल, तर ती त्याने पुढे दुसऱ्याला विकायची नसते. मालकाला सहा मुलं दिसत होती, तो तोंडी ‘चालेल’ म्हणाला होता, पण कागदावर त्या ‘चालेल’चा मागमूस नव्हता. मालकाने दुप्पट मागितलं नाही. साठ हजारांचं डिपॉझिट ठेवून घेतलं आणि विषय मिटवला. कागद असा आपल्या बाजूने असताना बरेच मालक इतकं नरमाईने वागणार नाहीत, असं या लेखकाचं स्पष्ट मत आहे. कॉट भंगारात गेल्या. भावाचे पैसे त्याने नोकरी लागल्यावर फेडले.

कोविडसारखं संकट वारंवार येत नाही, हे मान्य. पण विद्यार्थ्यांच्या भाड्यावर चालणारा बाजार एका तारखेवर हलतो. ११ मार्च २०२१ ला एमपीएससीची तीन दिवसांवर आलेली पूर्वपरीक्षा पुढे ढकलली, तेव्हा शास्त्री रस्त्यावर उतरलेल्या मुलांचा मोठा प्रश्न आणखी किती दिवस पुण्यात राहायचं आणि रूमचं भाडं, मेसचे पैसे कुठून आणायचे हाच होता. त्या मुलांच्या खिशावर ज्याचं उत्पन्न उभं आहे, त्याने निदान तीन रिकाम्या महिन्यांचं भाडं आधी बाजूला काढावं आणि ते निघत नसेल तर या फंदात पडू नये.

पोटभाड्याचा मार्ग चुकीचाच आहे असं नाही. मालकाची लेखी मुभा करारात घालून घेतली, सोसायटीला आधी विचारलं, राहणाऱ्या प्रत्येकाची माहिती पोलिसांकडे नोंदवली, तर तो रीतसर व्यवहार आहे. करार मात्र नोंदवलेलाच हवा. पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागतं, हा समज पुण्यात अजून घट्ट आहे. महाराष्ट्रात अकरा महिन्यांचा करारही नोंदवावा लागतो. ती जबाबदारी घरमालकाची असते आणि ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय लेखी नोंदणीकृत करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं. वीस हजार भाडं आणि साठ हजार डिपॉझिट असलेल्या अकरा महिन्यांच्या करारावर पाव टक्का दराने मुद्रांक शुल्क सहाशेच्या आत येतं, महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार. अंगठे घरबसल्या घेतले जातात. एवढ्यासाठी सव्वा लाख टांगणीला लावणं शहाणपणाचं नाही.

काही घरांत वडील म्हणतात, ‘दर महिन्याला भाडं भरण्यापेक्षा तुझ्या नावावर फ्लॅटच घेऊ, वर मित्र ठेव.’ इथेही पेन काढावं. समजा पन्नास लाखांचा फ्लॅट आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे तीस ते पंचाहत्तर लाखांच्या कर्जात बँक किमतीच्या जास्तीत जास्त ऐंशी टक्के देते, म्हणजे दहा लाख हातचे. पुण्यात सात टक्क्यांनी मुद्रांक शुल्क साडेतीन लाख, नोंदणी तीस हजार, आणि हे सहसा कर्जात बसत नाही. चाळीस लाखांचा साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता पावणेपस्तीस हजारांच्या घरात जातो. त्याच फ्लॅटचं भाडं सोळा-सतरा हजार आलं, तर दरमहा अठरा हजार घरून घालायचे. बाप हे घालू शकत असेल तर घ्यावं, पण त्याला ‘मुलाचं उत्पन्न’ म्हणू नये. सहकर्जदार म्हणून सही करणाऱ्या मुलाने हेही लक्षात ठेवावं की ते कर्ज त्याच्याही नावावर दिसतं आणि पुढे स्वतःचं गृहकर्ज मागताना बँक ते मोजते.

ज्याच्याकडे पाच-दहा हजारच आहेत आणि भाड्याच्या उत्पन्नाचा व्यवहार शिकायचा आहे, त्याच्यासाठी रीट, म्हणजे अनेकांच्या पैशांतून भाड्याच्या इमारती बाळगणारा ट्रस्ट, हा बरा वर्ग आहे. भारतात पहिला रीट, एम्बसी ऑफिस पार्क्स, एप्रिल २०१९ मध्ये शेअर बाजारात नोंदला गेला. हिंजवडीतल्या काही आयटी इमारती त्याच्याच आहेत. वाटपयोग्य रकमेतला किमान नव्वद टक्के भाग युनिटधारकांना द्यावाच लागतो आणि २०२१ पासून एक युनिटही विकत घेता येतं. भाव पडतोही, म्हणून फीचे पैसे त्यात घालू नयेत. पण तिमाही अहवालातला ‘किती जागा भरलेली आहे’ हा आकडा वाचायची सवय लागली, तर मोठे मालकही रिकाम्या जागेला किती घाबरतात ते कळतं.

आणि जी मुलं यंदा पुण्यात रूम शोधायला येणार आहेत, त्यांनी पैसे देण्याआधी एवढं तरी करावं: समोरचा माणूस मूळ मालक आहे की भाडेकरू, हे विचारावं, त्याच्या नोंदणीकृत कराराची प्रत मागावी आणि त्यातलं पोटभाड्याचं कलम स्वतः वाचावं. प्रत दाखवायला तो तयार नसेल, तर डिपॉझिट देऊ नये.