'ओरिजिनल आहे' एवढ्याने भागत नाही

शिरोली एमआयडीसीतल्या लहान कारखान्यांचे कॉम्प्युटर सांभाळणे हा माझा व्यवसाय. लायसन्सचा विषय काढला की एकच उत्तर ठरलेले असते, "साहेब, सगळं ओरिजिनल आहे. लॅपटॉपसोबतच आलंय, बिलपण आहे." ते खरेही असते. तरीही ते पुरत नाही.

सेलमध्ये घेतलेल्या लॅपटॉपवर बरेचदा ऑफिस होम अँड स्टुडंट आधीच टाकलेले असते. २०१९ ची आवृत्ती असो की २०२१ ची, करारात साफ लिहिले आहे की हे घरगुती वापरासाठी आहे, उत्पन्नाच्या कामासाठी नाही. त्याच वर्डमध्ये मुलीचा शाळेचा प्रकल्प लिहिलेला चालतो, ग्राहकाचे कोटेशन चालत नाही. त्यासाठी होम अँड बिझनेस वेगळे मिळते. २००७ च्या आवृत्तीत तर वर्ड उघडताच वरच्या पट्टीवर 'नॉन-कमर्शियल यूज' असे दिसायचे. आता ते दिसत नाही, म्हणून कुणी विचारही करत नाही.

एका कारखान्यात हे उघडकीला आले ते ग्राहक कंपनीच्या ऑडिटमुळे. नवी ऑर्डर देण्याआधी त्यांनी सॉफ्टवेअरची यादी आणि लायसन्सचे पुरावे मागवले. मी एकेक मशीन तपासायला बसलो. वर्डमध्ये 'फाइल' आणि मग 'अकाउंट' उघडले की आवृत्तीचे नाव दिसते आणि ती कोणाच्या खात्यावर चालू आहे तेही दिसते. स्टोअरच्या लॅपटॉपवर नोकरी सोडून गेलेल्या एका मुलाचे नाव होते. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना त्याने स्वतःचा मेल आयडी टाकला होता, आणि ऑफिस त्याच्याच खात्याला कायमचे जोडले गेले. दरपत्रके आणि पुरवठादारांच्या याद्या त्याच्या खासगी वनड्राइव्हवर साठत राहिल्या. मुलगा भला, त्याने फोनवर सगळे मिळवून दिले. भांडून गेला असता तर? माझ्या मते कराराच्या कलमापेक्षा हा धोका मोठा आहे, कारण धंद्याची कागदपत्रे दुसऱ्याच्या ताब्यात राहतात. ऑर्डर मात्र नवी लायसन्स घेईपर्यंत अडकली.

ऑफिसपुरतेच हे नाही. टीमव्ह्यूअर घरगुती वापराला फुकट आहे, पण व्यावसायिक वापराचा संशय आला की काही मिनिटांतच जोडणी तोडते, तीही नेमकी मशीन बंद पडून इंजिनिअर दूरवरून दुरुस्ती करत असताना. अँटीव्हायरसचेही तसेच. पुण्याच्या क्विक हीलची घरासाठीची उत्पादने वेगळी, कंपन्यांसाठी सेक्राइट वेगळे. दुसऱ्यात सगळ्या मशीनवर एका जागेवरून लक्ष ठेवता येते. विंडोज होम धंद्यात वापरायला मनाई नाही, पण ते डोमेनला जोडता येत नाही आणि त्यावर बाहेरून रिमोट डेस्कटॉपही घेता येत नाही. कारखाना वाढला की हे नडतेच.

खर्चाची अडचण मी जाणतो. पण कंपनीच्या नावाने, जीएसटी क्रमांक टाकून बिल घेतले तर सॉफ्टवेअरवरच्या १८ टक्के कराची वजावट मिळू शकते. मालकाच्या व्यक्तिगत नावावरच्या बिलावर ती जाते. आणि साधी पत्रे, तक्ते एवढेच काम असेल तर लिब्रेऑफिस घ्या. ते घरी आणि धंद्यात दोन्हीकडे मोफत आणि कायदेशीर आहे. फक्त एक्सेलमधले मॅक्रो त्यात चालतात का, हे आधी बघा.

मालकांना माझी विनंती आहे: नवा लॅपटॉप उघडण्याआधी कंपनीच्या नावाचा मेल आयडी तयार करा, पासवर्ड स्वतःजवळ ठेवा, आणि पहिले लॉगिन त्यानेच करा. नोकरीला असलेल्या मुलामुलींनाही सांगतो, साहेबांनी घाईत सांगितले तरी कारखान्याच्या मशीनवर स्वतःचा आयडी टाकू नका.