देवाकडे हिशेब मागणाऱ्या पुतण्यास

॥ श्री ॥

दिवेआगर, ता. श्रीवर्धन
माघ वद्य पंचमी

चि. सुहास यास,


तुझं पत्र पोचलं. हल्ली फोनवर दोन ओळी टाकून मोकळं व्हायची रीत. तू हाताने चार पानं लिहिलीस, त्यावरूनच तुझ्या मनाची अवस्था कळली. तुझी आई, माझी वहिनी, गेल्यापासून देवघरात दिवा लावला नाहीस, हेही तू लपवलं नाहीस. बरं केलंस. तुझा सवाल सरळ आहे: जिने जन्मभर देवाचं करण्यात कसूर केली नाही, तिला इतक्या झटपट आणि इतक्या हालांत का नेलं? तिच्या पूजेचं हेच फळ का?

याचं उत्तर मला ठाऊक नाही. ज्यांना ते ठाऊक आहे असं वाटतं त्यांच्यापासून तू चार हात लांब राहा, एवढं मात्र वडीलकीच्या नात्याने आधी सांगतो. दिवसकार्याला आलेल्यांपैकी दोघा-तिघांनी तुला कर्म, प्रारब्ध, परीक्षा असं बरंच ऐकवलं, ते मी बाजूला बसून ऐकत होतो. तुझा निम्मा राग देवावर नाही, त्या स्पष्टीकरणांवर आहे, असा माझा अंदाज आहे.

अशा स्पष्टीकरणांचा सुकाळ आम्ही निसर्ग वादळानंतर पाहिला. ३ जून २०२० ला टाळेबंदीमुळे तू पुण्यात अडकलेला होतास. इथे दुपारी एकच्या सुमारास वादळाने जोर धरला. वारा ताशी शंभर किलोमीटरच्या वर. माड निदान वाकत होते, हेलकावत होते. पोफळी मधोमध मोडत होत्या आणि पडताना शेजारणीला घेऊन पडत होत्या. संध्याकाळी वारा पडल्यावर मागल्या दारी गेलो तर वाडीत लख्ख उजेड. भर वैशाखात जिथे उन्हाचे कवडसे तेवढे पडायचे, तिथे उभं राहून सगळं आभाळ दिसत होतं. तुझ्या पणजोबांच्या हातची झाडं होती ती.

पुढे महिना उलटला तरी कितीतरी गावांत वीज नव्हती. कौलं मिळत नव्हती, पत्रे मिळत नव्हते. देवाच्या मनातलं सांगणारे मात्र घरोघर मिळत होते. कोणी म्हणे कोप झाला, कोणी म्हणे कसोटी. फोनला रेंज आली तेव्हा एका पाहुण्याचा निरोप आला, ‘मुंबई वाचली, देवाची कृपा!’ वादळ मुंबईवर येणार या धास्तीने वांद्रे-कुर्ला संकुलातल्या तात्पुरत्या रुग्णालयातले करोनाचे रोगी हलवावे लागले होते. प्रत्यक्षात ते अलिबागच्या दक्षिणेला धडकलं आणि शहर थोडक्यात निभावलं. आनंदच आहे, आपली निम्मी माणसं तिथेच राहतात. पण छप्पर उडालेल्या घरात, ओल्या गादीवर बसून तो निरोप वाचायचा म्हणजे काय? मुंबईवर कृपा झाली ती आमच्या डोक्यावर उतरवून, असाच त्याचा अर्थ निघतो. पाहुण्याला तो अभिप्रेत नव्हता. देवाचा बेत आपल्याला कळला असं धरून माणूस बोलायला लागला की त्याच्या नकळत असं होतंच.

रामदास बोटीचंही तेच. १७ जुलै १९४७, आषाढी अमावास्येच्या सुमाराला गावी निघालेली माणसं मुंबईहून रेवसच्या बोटीत बसली आणि काशाच्या खडकाजवळ बोट उलटली. सहाशेहून जास्त जीव गेले. ज्यांची बोट चुकली ते देवाचे लाडके आणि जे धावतपळत वेळेवर पोचले ते नावडते, असं कोणी म्हणू धजेल का? रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवून सापडतील तितक्यांना वर घेतलं. पाण्यातून वर येणारा कोण, कसा, हे त्यांनी विचारलं नाही.

आता आपल्या गावाचंच घे. १७ नोव्हेंबर १९९७ ला इथल्या एका बाईंच्या वाडीत पोफळीच्या मुळाशी खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात गणपतीचा सोन्याचा मुखवटा निघाला. किलोच्या वर सोनं. गावात गाड्यांची रीघ लागली. घरोघर खाणावळी निघाल्या, बायकांच्या हाताला मोदकांचं काम आलं, पडव्यांच्या खोल्या झाल्या. देवाला आपल्या गावाचं भलं करायचं होतं म्हणूनच तो वर आला, असं तेव्हा सगळे म्हणत होते, आणि म्हणायला सोपंच होतं ते. मग २०१२ चा गुढीपाडवा झाला, त्याच रात्री, २४ मार्च उजाडायच्या आत दरोडा पडला. दोघा रखवालदारांना ठार मारून मुखवटा नेला. पोलिसांच्या हाती सोनं लागलं ते वितळवलेलं.

१९९७ साली ज्यांना देवाचा बेत स्वच्छ दिसत होता, ते त्या सकाळी गप्प होते. देवाच्या दारात, देवाची राखण करताना दोन माणसं गेली होती. देवाने आपला स्वतःचा मुखवटाही राखला नव्हता. सुहास, तुझा सवाल त्या दिवशी अख्ख्या गावाचा होता.

गावाने काय केलं ते बघण्यासारखं आहे. गाभाऱ्यातली पूजा चुकली नाही. अंगारकीला माणसं येत राहिली, पूर्वीइतकी नाहीत, पण येत राहिली. आणि देवाची मर्जी म्हणून चोरांना कोणी सोडून दिलं नाही. अलिबागच्या विशेष न्यायालयात खटला चालला, २०१७ साली शिक्षा झाल्या. पुढे कोर्टकचेरी करून सोनं परत आलं, त्याचा मुखवटा घडवला आणि २३ नोव्हेंबर २०२१ च्या अंगारकीला तो बसवला. शेवट गोड झाला असं मी म्हणणार नाही. ते दोघे काही परत आले नाहीत. मला एवढंच दाखवायचं आहे की चोरांनी केलं ते गावाने चोरांच्या नावावर ठेवलं, आपल्याला करायचं ते आपण केलं, आणि जे कोणाच्याच आकलनात येत नव्हतं ते देवाकडे तसंच राहू दिलं. तो धनी आहे असं म्हणायचं, तर त्याने आपल्याला विचारून करावं अशी अट घालता येत नाही.

हे पटायला जड आहे, मला कळतं. कारण आपण सगळे लहानपणापासून देवाशी देण्याघेण्याची सवय लावून घेतो. पाच नारळ, एकवीस मोदक, एवढ्या प्रदक्षिणा, मग नोकरी, मग मूल. नवस करू नये असं मी म्हणत नाही; घाबरलेला माणूस नवस करणारच. पण त्या सवयीने मनात एक वही उघडते आणि तिच्यात आपली पूजाअर्चा जमेला पडत जाते. मग एक दिवस संकट येतं आणि आपण वही घेऊन देवापुढे उभे राहतो. तू आज आईची वही घेऊन उभा आहेस. तिने स्वतः ती कधी लिहिली नव्हती.

तुकोबांचं आठव. १६३० च्या दुष्काळाने त्यांची पहिली बायको नेली, मुलगा नेला, दुकान बुडालं. त्यानंतर त्यांनी घरच्या सावकारीची खतं काढली, भावाचा वाटा भावाला दिला आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत बुडवली. लोकांकडचं येणं संपवलं. आणि नंतर विठ्ठलाशी जन्मभर भांडले, तेही कसे, एखाद्या घरच्या माणसाशी भांडावं तसे. येणं वसूल करायला आलेला माणूस पैसे मिळाले की निघून जातो. ज्याचं काही येणं नाही, तो भांडतो तो नातं टिकावं म्हणून. नामदेव भांडले, जनाबाईने तर शिव्या घातल्या. आपल्याकडे देवावर रागावणं हे पाप कधीच नव्हतं.

तुझ्या आईचं त्या ३ जूनच्या संध्याकाळचं सांगतो. ती तुला बोलली नसेल. स्वयंपाकघराची कौलं गेली होती. देव्हाऱ्यात पाणी साचलं होतं. तिने देव उचलून पदराच्या कोरड्या टोकाने एकेक पुसले आणि पाटावर मांडले. फूल नव्हतं, अंगणातली जास्वंद मुळापासून उपटली होती. शिजलेलं काही नव्हतं. डब्यातली चिमूटभर साखर तिने वाटीत ठेवली आणि मोठ्याने, आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, ‘आज एवढंच आहे. आणि मी रागावल्ये तुझ्यावर.’ मग आमच्याकडे वळून म्हणाली, ‘विहिरीत झावळ्या पडल्यात त्या आधी काढा, उद्या पाणी प्यायचंय.’

भक्तीवर मी बरंच वाचलं आहे, थोडं शिकवलंही आहे. त्या तीन वाक्यांच्या पुढे मला काही सांगता येत नाही. राग होता, साखरही होती, आणि दुसऱ्या दिवसाची काळजी होती. काय होणार हे तिला माहीत नव्हतं, का झालं हेही नव्हतं, पण ज्याच्यावर रागवायचं तो समोर आहे याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती.

नंतरचं तुला माहीत आहे. सरकारने सुरुवातीला बागांना हेक्टरी पन्नास हजार जाहीर केले आणि आपल्या वाड्या पडल्या गुंठ्यांत. दहा गुंठेवाल्याने त्यात काय उभं करायचं? कित्येकांनी वाडी सोडायचं मनावर घेतलं. वहिनीने रोठा सुपारीची रोपं आणवली, उन्हाने करपू नयेत म्हणून आधी केळी लावून घेतल्या आणि त्यांच्या सावलीत आळी केली. तेव्हाच तिची साठी उलटली होती. पोफळ धरायला पाच-सहा वर्षं तरी लागतात, तेव्हा ‘एवढी मेहनत कोणासाठी?’ असं मी विचारलं होतं. ‘जागा मोकळी कशी ठेवायची?’ एवढंच ती म्हणाली.

त्या रोपांपैकी बऱ्याच झाडांना यंदा पोय आली आहे. यात देवाचा काही संकेत आहे असं मी तुला सांगणार नाही. पाणी मिळालं आणि झाड वयात आलं की पोय येते. पण पुढचं माहीत नसताना तिने केळीच्या सावलीत रोप लावलं, त्याला मी विश्वास म्हणतो. तसा विश्वास आजच्या आज तुझ्यात यावा असा आग्रह नाही. तो उपदेशाने येत नाही, हे इतकी वर्षं मुलांना शिकवून मला कळलेलं आहे.

म्हणून मोजकंच सांगतो. दिवा लावायचा की नाही ते तू ठरव, पण अबोला धरू नकोस. काय बोलायचं ते देव्हाऱ्यापुढे उभं राहून, मोठ्याने बोल. आईच्या आजारात आपलं कुठे चुकलं हे रात्र रात्र उगाळू नकोस. डॉक्टरांना जे उशिरा कळलं ते तुला आधी कळणार नव्हतं. उद्या दुसऱ्या कोणाच्या घरी असं झालं तर अर्थ सांगायला जाऊ नकोस, डबा घेऊन जा. आणि दादांना, तुझ्या वडिलांना, रात्री एकटं जेवू देऊ नकोस. ते बोलत नाहीत म्हणजे त्यांचं ठीक चाललं आहे असं समजू नकोस. कामावरून यायला कितीही उशीर झाला तरी त्यांच्यासोबत पान घे.

शिमग्याला दोघेही या. पंप पुन्हा बिघडला आहे आणि इथल्या माणसाला तो उमगत नाही, तुला उमगतो. नव्या झाडांची आळी उन्हाळ्याआधी भरून घ्यायची आहेत. गडी मिळत नाहीत, तेव्हा अंगावरचे जुने कपडे घेऊन ये.

दादांना नमस्कार.

तुझा,
काका