अतिथीसाठी एक पान

सोलापूर जिल्ह्यात, कर्नाटकाच्या सीमेलगत, दुधनी नावाचे गाव आहे. सोलापूरहून वाडीकडे जाणारा लोहमार्ग या गावावरून जातो. गावच्या बाजारपेठेत क्षणभर उभे राहिले, तर एका कानावर मराठी पडते आणि दुसऱ्या कानावर कानडी. दोन माणसे दोन भाषांत बोलतात आणि तरीही त्यांचा व्यवहार कोठे अडत नाही. येथील मुलांना दुसऱ्याच्या भाषेचे किंवा सणावारांचे नवल वाटत नाही. शेजारधर्माचाच तो एक भाग असतो.

मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे वेळ अमावास्येस, या भागातील शेतकरी कुटुंबे शेतावर जातात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभारून तिच्यात पूजा मांडतात. बाजरीचे उंडे, निरनिराळ्या भाज्यांची भज्जी आणि मातीच्या घागरीतील आंबील असा त्या दिवसाचा बेत असतो. सगेसोयरे तर येतातच. पण वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून पंगतीस बसवतात. शेतावर आलेला कोणीही उपाशी परत जाऊ नये, हा त्या सणाचा खरा अर्थ होय.

वर्षाच्या याच सुमारास, येथून हजारो मैल दूर, पोलंड नावाच्या देशात असाच एक सण साजरा होतो. नाताळच्या आदल्या रात्री, म्हणजे २४ डिसेंबरला, पोलिश कुटुंबे विगिलिया नावाचे भोजन करतात. आपल्याकडे संकष्टीला चंद्रोदयाची वाट पाहतात, त्याप्रमाणे तेथील मुले खिडकीशी उभी राहून आकाशातील पहिल्या चांदणीची वाट पाहतात. चांदणी दिसल्यावाचून भोजनास आरंभ होत नाही. येशूचा जन्म गाईगुरांच्या गोठ्यात झाला, त्याची आठवण म्हणून मेजावरील पांढऱ्या वस्त्राखाली थोडे वाळलेले गवत पसरलेले असते. प्रथम सर्वजण ओप्वातेक नावाची पिठाची पातळ पापडी हाती घेतात. प्रत्येकजण दुसऱ्याच्या पापडीचा तुकडा मोडून घेतो, त्याचे शुभ चिंतितो आणि वर्षभरातील रुसवे-फुगवे विसरतो. आपल्याकडील तिळगुळाची येथे कोणास आठवण होणार नाही? परंतु या सणातील सर्वांत सुंदर रीत वेगळीच आहे. घरात जितकी माणसे असतील, त्याहून एक पान अधिक मांडतात. त्या पानापुढील जागा रिकामी असते. अवचित आलेल्या अतिथीसाठी ती राखलेली असते.

पोलंडची ही रीत एकदा महाराष्ट्राच्या भूमीवर येऊन पाच वर्षे राहिली. ती सुखाने आली नव्हती. युद्धाच्या लाटेने तिला येथे आणून सोडले होते.

१ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मनीने पोलंडवर स्वारी केली आणि दुसऱ्या महायुद्धास तोंड लागले. १७ सप्टेंबरला सोव्हिएत सैन्य पूर्वेकडून त्या देशात शिरले. दोन बलाढ्य राष्ट्रांच्या जात्यात सापडून पोलंडचे पीठ झाले. १९४० आणि १९४१ या वर्षांत पूर्व पोलंडमधील लक्षावधी लोकांना घरातून उठवून मालगाड्यांत कोंडण्यात आले व सैबेरिया, कझाकस्तान अशा दूरच्या प्रदेशांत नेण्यात आले. त्यांत स्त्रिया होत्या, वृद्ध होते, तान्ही मुलेही होती. थंडी, भूक आणि रोगराई यांमुळे असंख्य माणसे दगावली.

जून १९४१ मध्ये जर्मनीने सोव्हिएत संघावर हल्ला केला. तेव्हा पोलिश बंदिवानांना मुक्त करण्याचा करार झाला. १९४२ मध्ये त्यांतील अनेकजण कॅस्पियन समुद्र ओलांडून इराणात पोचले. लढण्याजोगे पुरुष सैन्यात दाखल झाले. स्त्रियांनी आणि मुलांनी मात्र जावे कोठे? मायदेश शत्रूच्या ताब्यात होता. अशा वेळी जगातील ज्या थोड्या देशांनी त्यांना आश्रय दिला, त्यांत भारत होता. सौराष्ट्रातील नवानगर संस्थानाचे अधिपती जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी बालाचडी येथे शेकडो पोलिश मुलांसाठी वसतिस्थान उभारले. ‘तुम्ही आता अनाथ नाही, मीच तुमचा पिता आहे,’ अशा आशयाचे बोल त्यांनी मुलांना ऐकवले होते, असे ती मुले पुढे आयुष्यभर सांगत राहिली.

सर्वांत मोठी वसाहत मात्र महाराष्ट्रात झाली. कोल्हापूर शहराजवळ वळिवडे नावाचे गाव आहे. पंचगंगेच्या परिसरातील तेथील हवा फार कडक नाही. १९४३ मध्ये तेथील माळावर कौलारू बराकींच्या रांगाच रांगा उभ्या राहिल्या आणि सुमारे पाच हजार पोलिश माणसे तेथे राहावयास आली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती. थोड्याच दिवसांत त्या माळावर एक छोटे पोलिश नगर वसले. तेथे प्रार्थनामंदिर होते, रुग्णालय होते, टपालघर होते, नाट्यगृह होते. आणि मुख्य म्हणजे शाळा होत्या. बालवर्गापासून माध्यमिक शिक्षणापर्यंतची सर्व सोय तेथे होती. बालवीर आणि वीरबालांची पथकेही होती.

त्या शाळांपुढील प्रश्न साधा नव्हता. अनेक मुलांनी देश सोडला तेव्हा ती इतकी लहान होती की, त्यांना घराचा उंबरठाही धड आठवत नव्हता. पोलंडचा बर्फ, तेथील नद्या, तेथील गव्हाची शेते यांपैकी काहीच त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हते. पाठ्यपुस्तकांची वाण होती. देश नकाशावरून पुसला जाण्याचे भय होते. तो मुलांच्या मनातूनही पुसला गेला, तर उरणार काय? म्हणून शिक्षकांनी आणि मातांनी ठरवले की, जे गाठोड्यात बांधून आणता आले नाही, ते कंठातून आणि हातापायांतून मुलांच्या स्वाधीन करावयाचे. आजीच्या तोंडची गाणी मुले शिकली. सणवार तिथीवर पाळले गेले. वळिवड्याच्या आकाशात बर्फ नव्हता. पण चांदणी होती, आणि विगिलियाच्या भोजनास तेवढी पुरेशी होती.

ईस्टरच्या सणासाठी पोलिश बाया अंड्यांवर नक्षी काढतात. त्यांना पिसांकी म्हणतात. वितळलेल्या मेणाने अंड्यावर बारीक रेघा काढावयाच्या, मग ते अंडे रंगात बुडवावयाचे. मेण असेल तेथे रंग चढत नाही. मेण काढून टाकले की नक्षी उमटते. दारापुढे रांगोळीचे ठिपके जोडणाऱ्या मराठी मुलीस या कलेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी तेथील मुले एकमेकांना पाण्याने भिजवतात. या खेळास श्मिगुस-डिंगुस म्हणतात. रंगपंचमीच्या दिवशी पिचकारी घेऊन धावणाऱ्या मुलाला यात परके असे काय वाटेल? सुगी संपली म्हणजे तेथील शेतकरी धान्याच्या कणसांचा मुकुट गुंफून वाजतगाजत मिरवतात. आपल्याकडेही दसऱ्याला नव्या धान्याच्या लोंब्या दाराला बांधतात.

पोलंडचे राष्ट्रीय नृत्यप्रकार पाच आहेत: पोलोनेझ, माझूर, क्राकोव्याक, कुयाव्याक आणि ओबेरेक. त्यांतील पोलोनेझ संथ व भारदस्त, तर ओबेरेक गिरक्यांचा. क्राकोव्याक हे क्राकोव्ह नगराच्या परिसरातील नृत्य. ते नाचताना मुली भरतकामाची चोळी, मण्यांच्या माळा आणि रंगीत फिती लेतात. मुलांच्या डोकीवर लाल चौकोनी टोपी असते आणि त्या टोपीत, नवल असे की, मोरपीस खोवलेले असते! ज्या देशात मोर रानात बागडतो, त्या देशातील प्रेक्षकांना ते मोरपीस पाहून केवढे कौतुक वाटावे!

ही वसाहत कुंपणाआड कोंडून राहिली नाही. आसपासच्या गावांतील माणसे भाजीपाला, दूध, फळे घेऊन तेथे जात. पोलिश मुले मोडकीतोडकी मराठी बोलू लागली आणि विक्रेत्यांच्या तोंडी पोलिश शब्द बसले. वसाहतीतील सणसमारंभ आणि लोकनृत्ये पाहण्यास भारतीय पाहुणे उपस्थित राहत; पोलिश माणसेही कोल्हापुरातील देवळे, बाजार आणि उत्सव उत्सुकतेने पाहत. कोणी कोणास आपले सोडावयास सांगितले नाही, आणि कोणी आपले दडवूनही ठेवले नाही. दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचा उजेड उणा होत नाही, हे दोन्ही बाजूंना उमगले होते.

१९४५ मध्ये युद्ध संपले. परंतु आनंदासोबत एक नवे दुःख आले. पोलंडच्या सीमा बदलल्या. वसाहतीतील बहुतेकांची गावे ज्या पूर्व भागात होती, तो आता सोव्हिएत संघात गेला होता. परतावयास घरच उरले नव्हते. काहीजण नव्या पोलंडमध्ये गेले. अनेकजण इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांत विखुरले. १९४८ पर्यंत वळिवड्याची वसाहत रिकामी झाली. ज्यांचे देहावसान येथेच झाले, त्यांनी मात्र कोल्हापूरच्या मातीतच चिरविश्रांती घेतली.

त्या रिकाम्या बराकी फार काळ रिकाम्या राहिल्या नाहीत. १९४७ मध्ये भारताची फाळणी झाली आणि सिंधमधून घरदार सोडून आलेल्या सिंधी कुटुंबांना तेथेच निवारा देण्यात आला. त्या वस्तीस गांधीनगर हे नाव मिळाले. कष्टाळू सिंधी बांधवांनी तेथे व्यापार उभा केला. आज गांधीनगरची कापडाची बाजारपेठ दूरवर प्रसिद्ध आहे. एका निर्वासित समाजाने सोडलेल्या उंबरठ्यावर दुसऱ्या निर्वासित समाजाने दिवा लावला.

वळिवड्यात वाढलेली मुले जगभर पांगली. पण कोल्हापूर विसरली नाहीत. लंडनमध्ये त्यांनी आपले मंडळ स्थापन केले आणि भारतातील दिवसांच्या आठवणींचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या कृतज्ञतेचे स्मारक उभे राहिले. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवडे येथे स्मृतिस्तंभाचे अनावरण झाले. त्या प्रसंगी वयोवृद्ध झालेले काही जुने रहिवासी आपले बालपण पाहण्यास पुन्हा आले होते. पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरचे स्मारक आहे, आणि जामसाहेबांच्या स्मरणार्थ तेथील एका चौकास ‘भल्या महाराजांचा चौक’ असे नाव दिलेले आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी या दोन्ही स्मारकांना अभिवादन केले. दरवर्षी वीस पोलिश तरुणांना भारतभेटीस बोलावण्याची, जामसाहेबांच्या नावाची एक योजनाही त्याच वेळी जाहीर झाली.

दोन देशांतील मुले एकत्र येतात तेव्हा ती एकमेकांना काय देऊ शकतात? धन तर त्यांच्यापाशी नसते. पण प्रत्येकापाशी आजीने शिकवलेले एखादे गाणे असते, एखादी गोष्ट असते, सणाच्या दिवशी घरात होणारा एखादा पदार्थ असतो. ज्याला आपले गाणे येते, तोच दुसऱ्याला गाणे देऊ शकतो. आणि ज्याच्या मनात दुसऱ्यासाठी जागा असते, त्यालाच ते घेता येते. वळिवड्याच्या मुलांपाशी देश नव्हता, घर नव्हते. तरीही ती रिक्तहस्त नव्हती, कारण आपली संस्कृती त्यांनी जपली होती. आणि कोल्हापूरकरांनी त्यांच्या भाषेचा एक शब्दही ठाऊक नसताना त्यांना शेजारी मानले.

पोलंडमध्ये अतिथीसाठी एक पान राखतात. दुधनीच्या शेतावर वाटसरूस हाक मारून पंगतीत बसवतात. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या अनोळखी पाहुण्यासाठी पान मांडले, त्याच लोकांवर एके दिवशी परक्या दारी पाहुणे होण्याची पाळी आली, आणि त्या दारी त्यांचे पान मांडलेले होते.

स्वाध्याय

१. विगिलियाच्या भोजनात एक पान अधिक का मांडतात?
२. पोलिश लोक आपला देश सोडून भारतात कसे येऊन पोचले, ते थोडक्यात सांगा.
३. ‘देश मुलांच्या मनातूनही पुसला गेला, तर उरणार काय?’ असे शिक्षकांना का वाटले? त्यांनी त्यावर कोणता उपाय केला?
४. पुढील पोलिश चालीरीतींशी जुळणाऱ्या आपल्याकडील चालीरीती सांगा : (अ) ओप्वातेक (आ) श्मिगुस-डिंगुस (इ) पहिल्या चांदणीची प्रतीक्षा.
५. ‘दिव्याने दिवा लावला तर पहिल्या दिव्याचा उजेड उणा होत नाही’, या वाक्याचा अर्थ पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
६. परदेशातील एक मुलगा तुमच्या शाळेत पाहुणा म्हणून येणार आहे. आपल्या गावचा कोणता सण, गाणे किंवा खेळ तुम्ही त्याला शिकवाल? दहा-बारा ओळी लिहा.