पट्टी कोणाची?

प्रश्न : आमच्या गावच्या खंजिरी भजन मंडळात बायका-पुरुष एकत्र गातात. पट्टीवरून दर वेळी वाद होतो. कापूस वेचणी सुरू झाली की निम्मे जण येतच नाहीत. काय करावे?
— एक वाचक, आर्वी तालुका

उत्तर : जय गुरु! एकाच पट्टीचा हट्ट सोडा. पुरुषांना साधारण काळी एक सोयीची, बायकांना काळी चार-पाच. म्हणून म्होरक्या जो, पट्टी त्याची; कोरस आपापल्या सप्तकात साथ देईल. बायकांना मात्र नुसत्या कोरसात बसवू नका, निम्मी भजने त्यांच्याकडे द्या. बहुतेक भांडणे सुरांची नसतातच, मानाची असतात.

वेचणीला इलाज नाही. त्या दिवसांत रात्री जेवणे झाल्यावर अर्धा तास सामुदायिक प्रार्थना तेवढी ठेवा, नवी चाल बसवायला घेऊ नका. तुकडोजी महाराजांच्या या प्रार्थनेत गळ्यापेक्षा हजेरी मोलाची.

आणि हो, पावसाळ्यात खंजिरीचे कातडे सैलावते. वाजवण्याआधी शेकोटीपासून हातभर लांब धरून शेका, फार जवळ नेलीत तर तडकेल.